आणखी पाव फेरा

मोटारीच्या ऑईल फिल्टरवर एक छोटे चित्र छापलेले असते. रबरी रिंगेला बोटाने ऑईल लावा, फिल्टर हाताने फिरवत रिंग टेकेपर्यंत न्या आणि टेकल्यावर साधारण पाऊण फेरा आवळा. या चित्रात पाना कुठेही नसतो. तरीही बेळगावच्या उद्यमबागेत काय किंवा निपाणी-चिकोडीकडच्या एखाद्या मळ्यात ट्रॅक्टरखाली काय, ऑईल बदलायला बसलेल्या माणसाला पहिला घाम फुटतो तो हाच डबा सोडवताना. जो हाताने बसला तो हाताने सुटत नाही. मग पट्टा येतो, चेन येते, आणि शेवटी हातोडा.

फिल्टर का अडकतो याची कारणे रबरात आणि उष्णतेत आहेत, ती पुढे येतीलच. पण निम्मे कारण हातात आहे. तो हात या भागात कुठे घडला आणि पाऊण फेरा पुरे असताना आणखी पाव फेरा देण्याची खोड त्याला कशी लागली, हे पाहायचे तर फिल्टरच नव्हे, मोटारही इकडे आली नव्हती तिथपर्यंत मागे जावे लागते.

बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला १८६९ साली जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला शिकायला गेले. रंग नीट ओळखता येत नाहीत हे लक्षात आल्यावर ते यंत्रांच्या रेखाचित्रांकडे वळले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. किर्लोस्कर उद्योगाचे आरंभवर्ष म्हणून १८८८ सांगितले जाते, ते बेळगावातल्या सायकलच्या दुकानामुळे. मुंबईहून लक्ष्मणरावांनी सायकली पाठवायच्या आणि बंधू रामुअण्णांनी त्या बेळगावात विकायच्या. किंमत सातशे ते हजार रुपये, आणि चालवायला शिकवण्याचे वेगळे पंधरा. एवढे मोजू शकणारे गिऱ्हाईक म्हणजे छावणीतले साहेब आणि गावातले मोजके वकील-डॉक्टरच असणार.

हजार रुपयांची वस्तू बिघडली म्हणून कोणी विलायतेला परत पाठवत नाही. विक्रीच्या पाठोपाठ दुरुस्ती आलीच, आणि दुरुस्तीबरोबर आले आट्यांचे ज्ञान. सायकलचा डावा पायडल उलट आट्याचा असतो, कारण सरळ आटा दिला तर पाय मारता मारता तो आपोआप सुटत जातो. सगळ्या जगासारखा डावीकडे फिरवून तो सोडवायला गेलेला शिकाऊ त्याला आणखी आवळत बसतो. कोणत्या बाजूला फिरवायचे हे जोर लावण्याआधी ठरवावे लागते, हा वाहनदुरुस्तीतला पहिला धडा या गावाने बहुधा सायकलीवरच घेतला.

दुकानातून कडबा कापायची यंत्रे आली, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे नांगर काही काळ पडून राहिले. पुढे नगरपालिकेला गावच्या विस्तारासाठी जागा हवी झाली, कारखाना हलवणे भाग पडले आणि औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला धावले. १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. बेळगावात किर्लोस्कर रोड राहिला. ज्या गावाने आपला सर्वांत मोठा कारखानदार जागेपायी घालवला, त्याच गावात पुढे ओतकामाचे कारखाने शेकड्याने वाढले आणि त्यात मोटारींच्या इंजिनांचे ब्लॉक ओतले जाऊ लागले, हे मजेशीर आहे.

रस्त्यावर मोटारी आल्या तेव्हा त्यांना ऑईल फिल्टर नव्हताच. फोर्डच्या मॉडेल टी आणि मॉडेल ए या गाड्यांत तसला भागच नसे. ऑईल दर पाचशे मैलांनी बदला, एवढीच मॉडेल ए च्या मालकाला सूचना होती. १९२८ पासून मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सच्या शेव्हरोले जोडल्या जात होत्या. त्यांच्या सहा सिलिंडरच्या इंजिनात कनेक्टिंग रॉडच्या टोकाला पळीसारखा भाग असे, तो फिरता फिरता ऑईल उडवी आणि त्यावरच बेअरिंग भिजत. फिल्टर हवा असेल तर वेगळे पैसे मोजून बसवायचा. दक्षिण महाराष्ट्रातल्या कच्च्या रस्त्यांवर ‘सर्व्हिस मोटार’ म्हणून धावणाऱ्या गाड्यांत तो किती मालकांनी बसवला असेल, याचा अंदाज कोणीही करावा. ऑईल तपासण्याचे साधन म्हणजे अंगठा आणि तर्जनी. थेंब चोळायचा, कचकच लागली की बदलायचे.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे रेशनिंग आले आणि बसगाड्यांच्या मागे कोळशाच्या भट्ट्या बसल्या. कोळशाच्या गॅसबरोबर राख आणि डांबर इंजिनात जाई. गॅस गाळायला काथ्या, कापड, पाणी असे काय काय वापरले जायचे, तरीही ऑईल लवकर काळे पडे आणि सिलिंडर झिजत. ज्या मेस्त्र्यांनी ती वर्षे काढली, त्यांना ऑईलमधली घाण म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागले नाही.

फिल्टर मात्र तोवर जगात येऊन वीस वर्षे झाली होती. अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड आणि जॉर्ज ग्रीनहाल्ग यांनी १९२३ मध्ये मोटारीच्या ऑईल फिल्टरच्या पेटंटसाठी अर्ज केला, त्याला प्युरोलेटर असे नाव दिले, आणि १९२४ च्या क्रायस्लर गाडीत तो बसला. या सुरुवातीच्या फिल्टरांतून सगळे ऑईल जात नसे. पंपाकडून बेअरिंगकडे जाणाऱ्या प्रवाहातला लहानसा वाटा फिल्टरमधून फिरून परत इंजिनाच्या तळाशी, सम्पमध्ये पडायचा, बाकीचे तसेच पुढे. सगळे ऑईल आधी गाळून मगच बेअरिंगला देण्याची पद्धत रुळायला १९४० चे दशक उजाडले.

बेळगाव लष्कराचे गाव, मराठा लाईट इन्फंट्रीचे केंद्र इथे. युद्ध संपल्यावर देशभर लष्करी वाहने लिलावात निघाली आणि ‘डिस्पोजलच्या’ जीपा खासगी हातात आल्या. जीपच्या इंजिनाशेजारी एक उभा डबा असे, दोन नळ्या जोडलेला, वर झाकण. झाकण उघडायचे, आतले काडतूस काढायचे, नवे टाकायचे, झाकणाखालचे पॅकिंग बदलायचे. या भागातल्या अनेक मेस्त्र्यांनी हाताळलेला पहिला ऑईल फिल्टर हाच असावा. तो अडकत नसे. झाकण बोल्टने बसलेले, आणि बोल्ट पान्याने सुटतो. आणखी एक गोष्ट जीपने शिकवली: तिच्या डाव्या चाकांचे नट उलट आट्याचे. डॉज आणि फार्गो ट्रकांचेही तसेच. पायडलचा धडा पुन्हा एकदा, या वेळी मोठ्या पान्यावर.

पुणे-बंगळूर रस्ता नकाशावर तोच होता, त्यावरची वर्दळ बदलली. १९४८ मध्ये मुंबई राज्यात एस.टी. सुरू झाली, तेव्हा बेळगाव त्याच राज्यात होते. १९५४ मध्ये जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीजचे डिझेल ट्रक बाहेर पडू लागले. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली, बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि कागल व निपाणी यांच्या मधून राज्याची हद्द आली. त्या हद्दीचे राजकारण, महाजन आयोग, २००४ पासूनचा सर्वोच्च न्यायालयातला दावा यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. गॅरेजांच्या दृष्टीने तिचा अर्थ वेगळा होता. हद्द आली म्हणजे नाका आला, नाका आला म्हणजे ट्रक थांबणार, आणि थांबलेल्या ट्रकाचा क्लीनर खाली उतरून टायर ठोकणार, बॉनेट उघडणार. परमिट, कर आणि कागद तपासायला लागणाऱ्या वेळावर कितीतरी छोट्या कामांचे पोट चालले: पंक्चर, पाटा, पट्टा, ऑईल.

शिवाय निपाणी म्हणजे तंबाखू. विडीच्या तंबाखूची ही मोठी बाजारपेठ, हंगामात बैलगाड्या आणि ट्रक यांची गर्दी. या रस्त्यावर गावाचे किती अवलंबून होते हे १९८१ मध्ये दिसले. तंबाखूला भाव मिळावा म्हणून शरद जोशींच्या नेतृत्वाखाली मार्च महिन्यात शेतकरी राष्ट्रीय महामार्गावरच ठाण मांडून बसले, तीन आठवड्यांहून अधिक काळ. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला, शेतकरी मारले गेले. आंदोलकांनी बसायला बाजार समिती किंवा तहसील कचेरी निवडली नव्हती, महामार्ग निवडला होता.

निपाणीहून संकेश्वरकडे जाताना तवंदीचा घाट लागतो. सह्याद्रीच्या मोठ्या घाटांपुढे तो किरकोळ, पण भरलेल्या ट्रकाला पुरेसा. खालच्या गिअरमध्ये चढताना इंजिन तापते, ऑईल पातळ होते, आणि कुठे गळती असेल तर ती नेमकी तिथे दिसते. ऑईल संपलेले इंजिन चढावर ‘धरले’ म्हणजे पिस्टन सिलिंडरला चिकटले, तर मालकाचा हंगाम गेला आणि मेस्त्रीचे नाव गेले. गळतीची ही भीती लक्षात ठेवायला हवी, कारण आणखी पाव फेऱ्याचे मूळ बहुधा इथेच आहे.

त्या काळचा फिल्टर कसा होता? अॅम्बेसेडरचे उदाहरण घ्यावे. बीएमसीच्या आराखड्याचे तिचे १४८९ सीसीचे इंजिन, त्याच्या बाजूला लोखंडी भांडे. भांड्यात कागदाचे किंवा फेल्टचे काडतूस, खाली स्प्रिंग आणि वॉशर, आणि मधून आरपार जाणारा एक लांब बोल्ट. भांड्याची कड वरच्या बिडाच्या खाचेत जाऊन बसे आणि खाचेत रबराची रिंग. बहुतेक डिझेल ट्रकांतही हीच कल्पना मोठ्या आकारात होती. काम तसे सोपे, पण किचकट. जुनी रिंग खाचेत कडक होऊन बसलेली असायची, ती सुईने उकरून काढावी लागे. आळस करून तिच्यावरच नवी बसवली की भांडे वाकडे बसणार आणि ऑईल गळणार. स्प्रिंग आणि वॉशरचा क्रम चुकला तर घाण ऑईल काडतुसाला वळसा घालून तसेच पुढे जाणार, आणि ते बाहेरून कळणारही नाही.

अशा फिल्टरवर गळतीचा उपाय एकच माहीत होता: बोल्ट आणखी आवळ. बोल्ट पान्याचा, त्याला जोर चाले. रिंग थोडी खराब असली तरी जास्तीच्या जोराने ती वेळ मारून नेई. गाडी कोल्हापूर गाठेपर्यंत ठिपका पडला नाही म्हणजे झाले. दोन पिढ्यांचे हात या बोल्टावर तयार झाले.

बहुतेक दुचाकीवाल्यांचे हात तर फिल्टरपर्यंत पोचलेच नाहीत. चेतक, राजदूत, लुना ही सगळी टू-स्ट्रोक मंडळी, ऑईल पेट्रोलमध्येच मिसळायचे आणि जाळून टाकायचे. बुलेटमध्ये फेल्टचे नळकांडे असे. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली, तिच्यात जाळी आणि ऑईल गरगर फिरवून घाण कडेला फेकणारी चकती होती, आटे असलेला डबा तिच्यातही नव्हता.

तो डबा अमेरिकेत १९५४ मध्ये विक्स कंपनीने बाजारात आणला होता. पत्र्याचा बंद डबा, आत घडीचा कागद, तोंडाशी आटे आणि रबरी रिंग. भांडे धुणे नाही, रिंग उकरणे नाही, स्प्रिंगचा क्रम नाही. जुना फिरवून काढा, नवा फिरवून लावा. आपल्याकडे सर्वसामान्य माणसापर्यंत तो पोचला प्रामुख्याने मारुती ८०० मुळे. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मारुती रस्त्यावर आली आणि पुढच्या दहा वर्षांत बेळगावच्या टिळकवाडीत, शहापुरात, निपाणीच्या व्यापारी पेठेत ती दिसू लागली. पाठोपाठ ओम्नी, जिचे इंजिन पुढच्या सीटखाली. ट्रॅक्टर आणि वडापच्या, म्हणजे प्रवासी भरून धावणाऱ्या, जीपांतही हळूहळू भांड्याच्या जागी डबा आला.

डब्याच्या रचनेतच एक गोष्ट आहे, जी जुन्या हाताला पटणे अवघड होते. इथे गळती थांबवते ती रबराची रिंग दाबली गेल्याने, आणि ती किती दाबायची हे खाचेच्या आणि रिंगेच्या जाडीवरून ठरलेले असते. पाऊण फेऱ्यात तेवढी ती दाबली जाते. त्याहून जास्त आवळल्याने बंदोबस्त वाढत नाही, रिंग चपटी होते आणि कडेला सरकते. पण भांड्याच्या बोल्टावर वाढलेल्या मेस्त्रीला हाताने आवळलेली वस्तू म्हणजे अर्धवट काम वाटणार, विशेषतः ती गाडी उद्या तवंदी चढणार असेल तर. म्हणून शेवटी पट्ट्याने आणखी एक पीळ. हा अंदाज आहे, पण आजही जुन्या गॅरेजांत नवा फिल्टर लावून झाल्यावर हात आपसूक चेन पान्याकडे जातो, ते पाहिले की तो चुकीचा वाटत नाही.

पुढचे काम उष्णता करते. इंजिन शंभर अंशांच्या आसपास तापते, निवते, पुन्हा तापते. रबर हळूहळू कडक होते आणि धातूच्या तोंडावर चिकटते. रिंग कोरडी बसवली असेल तर आवळतानाच ती पिळवटून जागोजागी धरते. तोंडावर जुना गंज किंवा माती असेल तर आणखी बरे! त्यात ऑईल बदलण्याचे अंतर वाढत गेले. अॅम्बेसेडरच्या जमान्यात तीन हजार मैलांना ऑईल बदलत, आता मोटारीला दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष सांगतात. म्हणजे तीच रिंग साधारण दुप्पट अंतर एका जागी भाजत बसते.

ट्रॅक्टरची तऱ्हा निराळी. निपाणीचा हालसिद्धनाथ किंवा संकेश्वरचा हिरण्यकेशी, साखर कारखान्याचा हंगाम लागला की ट्रॅक्टर रात्रंदिवस ऊस ओढतो. त्याचे ऑईल किलोमीटरवर नाही, तासांवर बदलतात. हंगामात कोणाला फुरसत नसते, एखादी पाळी चुकते. हंगाम संपल्यावर ट्रॅक्टर शेडमध्ये लागतो, फिल्टर तसाच. पावसाळ्याच्या तोंडाला मालक ऑईल बदलायला घेतो तेव्हा डबा हलायला तयार नसतो. गॅरेज दहा किलोमीटरवर, ट्रॅक्टर दारात. मग घरातल्या वस्तू बाहेर निघतात.

यातल्या उपायांना क्रम आहे, आणि तो क्रम मोडणाऱ्याला शिक्षा ठरलेली.

सर्वांत आधी इंजिन पाच मिनिटे चालू ठेवायचे. कोमट झाले की रबर नरम पडते आणि ऑईलही चांगले निथळते. उकळते गरम नको, अंगावर सांडले तर कातडी जाते. मग डबा पुसायचा. निम्म्या वेळा हात घसरतो तो डबा अडकल्यामुळे नव्हे, त्याच्यावर ऑईलचा थर असल्यामुळे. त्यावर पॉलिश पेपर गुंडाळायचा, खरखरीत बाजू पत्र्याकडे, किंवा सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी. सुटणारे पुष्कळ फिल्टर इथेच सुटतात.

त्यानंतर पट्टा. फॅनबेल्टचा तुकडा डब्याभोवती एक वेढा घालून त्याच्यात टॉमी अडकवायची आणि पिळायची. पट्टा शक्यतो इंजिनाच्या बाजूला, म्हणजे डब्याच्या बुडाजवळ घ्यावा. तिथे पत्र्याची कड दुमडलेली असते, जाड प्लेट असते. मधोमध धरले तर पातळ पत्रा चेपतो, आणि चेपलेल्या डब्यावर पुढचे कोणतेच हत्यार नीट बसत नाही.

पट्टा घसरला तर चेन. बाजारात चेन पाने मिळतात, पण या भागातल्या गॅरेजांत घरगुती नमुना हटकून दिसतो: मोटारसायकलच्या जुन्या चेनचा फूट-दीड फूट तुकडा, एका नळीला वेल्ड केलेला. चेन डब्याभोवती घालून नळी तिच्यावर टेकवायची, दाबले की चेन स्वतःच आवळत जाते. फिल्टरच्या टोकावर बसणारा कप पाना हे त्यातले सभ्य हत्यार, मात्र त्याचे माप फिल्टरच्या पैलूंना बरोब्बर जुळावे लागते, आणि घरात एक गाडी असलेला माणूस एका मापाच्या कपासाठी दुकानात जाईलच असे नाही.

दिशेचा घोळ इथे पुन्हा येतो. फिल्टरचा आटा सरळ आहे, बंद टोकाकडून पाहिले तर घड्याळाच्या उलट फिरवला की सुटतो. गाडीखाली उताणे पडून वर पाहणाऱ्याला ते बरोबर दिसते. वरून, इंजिनाच्या बाजूने हात घालणारा मात्र उलट दिशेने पाहत असतो. तो जीव खाऊन फिल्टर आणखी आवळतो आणि कंपनीला शिव्या घालतो.

सर्वांत प्रसिद्ध उपाय सर्वांत शेवटचा, आणि तोच लोक आधी करतात: मोठा स्क्रू ड्रायव्हर हातोडीने डब्यातून आरपार ठोकायचा आणि त्याला दांडा करून फिरवायचे. कधी डबा फिरतो. बरेचदा पत्रा उसासारखा सोलून निघतो आणि इंजिनाला फक्त बुडाची प्लेट चिकटून राहते. ठोकताना नेम चुकून मधल्या आट्याच्या नळीला लागला तर खर्च फिल्टरवरून इंजिनावर जातो. शिवाय एकदा भोक पडले की माघार नाही, गाडी चालवत गॅरेजला नेता येत नाही. नुसती प्लेट उरली तर छिन्नी तिच्या कडेला तिरपी लावून हळूहळू, सुटण्याच्या दिशेने ठोकत न्यायची. प्लेटला भोके असतात, त्यांत दोन दांड्या घालून फिरवणारेही आहेत. हे काम सावकाश करणाऱ्याचे आहे. इंजिनाचे ते तोंड अॅल्युमिनियमचे असेल तर छिन्नीचा एक ओरखडा नव्या फिल्टरलाही गळायला लावतो.

गाडीखाली विटा रचून किंवा नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून यातला जोर लावणे म्हणजे जिवाशी खेळ, हे इथे सांगितलेच पाहिजे. पीळ देताना गाडी हलते. गॅरेजात त्यासाठी खड्डा असतो. ट्रकवाले रस्त्याकडेच्या चरावर गाडी घेतात, तेवढे तरी घरी करावे.

डबा सुटला म्हणजे संपले असे समजणारा अजून एकदा फसतो. जुनी रिंग डब्याबरोबर आली आहे का? ती कधी कधी इंजिनाच्या तोंडावरच चिकटून राहते, काळ्यावर काळी, दिसत नाही. नव्या फिल्टरची रिंग तिच्यावर बसते, हाताला सगळे घट्ट लागते, आणि इंजिन चालू केल्यावर काही क्षणांत ताजे ऑईल जमिनीवर. अॅम्बेसेडरच्या खाचेतली जुनी चूक नव्या डब्याने अशी परत आणली. चांगले मेस्त्री तोंड कापडाने पुसून त्यावरून बोट फिरवतात, आणि नव्या डब्यावर मार्करने किलोमीटर लिहून ठेवतात.

निघालेल्या काळ्या ऑईलचा इतिहासही याच पट्ट्यात फिरून पाहता येतो. तंबाखू वाहणाऱ्या बैलगाडीच्या आसाला वंगण लागे, त्यात ते गेले. गोठ्याच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून, पुढे सेंट्रिंगच्या फळ्यांना काँक्रीट चिकटू नये म्हणून. फुकट मिळणारी वस्तू वाया घालवायची नाही, हा हिशोब. त्यात बेअरिंगचा धातू आणि जळलेल्या इंधनाचे अंश असतात, ते मातीत आणि विहिरीत उतरतात, हा विचार बराच नंतर आला. १९८९ च्या घातक कचऱ्याच्या नियमांपासून २०१६ च्या नियमांपर्यंत वापरलेल्या ऑईलवर बंधने येत गेली. एप्रिल २०२४ पासून तर ऑईल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरच जुने ऑईल गोळा करून त्याच्या पुनर्वापराची जबाबदारी टाकली आहे. बेळगावच्या ऑटोनगरमधल्या मोठ्या वर्कशॉपमधून पिंपे भरून नेणारे असतात. घरी चार लिटर काढलेल्या माणसापर्यंत ही साखळी अजून पोचलेली नाही. त्याला ते डब्यात भरून ओळखीच्या गॅरेजला नेऊन द्यावे लागते. फिल्टर रात्रभर पालथा ठेवला तर त्याच्यातूनही बरेच निथळते.

दरम्यान फिल्टरने पुन्हा रूप बदलले आहे. अनेक नव्या गाड्यांत पत्र्याचा डबा गेला आणि कागदाचे नुसते काडतूस परत आले, म्हणजे अॅम्बेसेडरचीच कल्पना, फक्त भांड्याच्या जागी प्लास्टिकचे आटेदार झाकण आणि त्याच्या कडेला रबराची ओ-रिंग. हे झाकण चेनने धरले तर तडकते, आणि मग नुसता फिल्टर नाही, झाकणच मागवावे लागते. त्याला मापाचा कप आणि टॉर्क पानाच हवा. जोर किती लावायचा हे आता मेस्त्रीच्या मनगटावर सोडलेले नाही. बऱ्याच झाकणांवर आकडाच उमटवलेला असतो, बहुधा २५ न्यूटन-मीटर, आणि तो वाचायचा तर आधी झाकणावरचे ऑईल पुसावे लागते.